परिकल्पना, चल आणि मोजणीचा घटक : सौंसर–पांढुर्ण्याच्या भाषिक नोंदींतून एक अभ्यास

प्रास्ताविक

'संशोधनात परिकल्पनेला अनन्यसाधारण महत्त्व आहे' हे वाक्य आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधात आढळते. वाक्य चुकीचे नाही. परंतु त्याच्या पुढच्या पानावर जी परिकल्पना लिहिलेली असते ती पुष्कळदा मागील वर्षीच्या प्रबंधातून उतरवलेली असते. 'सार्थक फरक आढळत नाही' हे तिचे ठरलेले शेपूट. कशात फरक, कोणाकोणात फरक आणि तो कोणत्या घटकावर मोजला, असे तोंडी परीक्षेत विचारले की विद्यार्थी मार्गदर्शकाकडे पाहतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्यापैकी अनेक मार्गदर्शकही अशा वेळी खाली पाहतात. प्रस्तुत लेखक त्यास अपवाद नाही.

परिकल्पना आणि चल या संकल्पना व्याख्या पाठ करून समजत नाहीत. एखाद्या परिचित प्रश्नावर त्या लावून पाहाव्या लागतात. म्हणून या लेखात सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील सौंसर आणि पांढुर्णा या मराठी भाषक भागाचे उदाहरण घेतले आहे. येथे किती लोकांची भाषा मराठी, हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे विचारला जात आहे. त्याचे उत्तर लोकांच्या बोलण्यावर जेवढे अवलंबून राहिले, तेवढेच प्रश्नाच्या शब्दांवर आणि नकाशावरील रेषेवरही अवलंबून राहिले. हे कसे घडले ते पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

संज्ञांचा विचार

आपल्या महाविद्यालयांत मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही माध्यमांतून आलेले विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. त्यामुळे गोंधळाची सुरुवात शब्दांपासूनच होते. मराठी पुस्तकांत परिकल्पना, अभ्युपगम, गृहीतकृत्य असे पर्याय आढळतात. त्यातच 'गृहीतक' हा शब्द मिसळतो. वस्तुतः गृहीतक म्हणजे जे आपण तपासणार नाही, मानून चालणार आहोत ते. आणि परिकल्पना म्हणजे जे आपण तपासणार आहोत ते. दोन्ही एकच समजले की संशोधनाचा पायाच ढासळतो, कारण जे सिद्ध करायचे तेच आधी मानून घेतले जाते.

उर्दूत परिकल्पनेला 'मफरूजा' म्हणतात. 'फर्ज कीजिए', म्हणजे समजा, तात्पुरते मानून चला, हा भाव त्यात आहे. तात्पुरतेपणाची ही छटा विद्यार्थ्यांना समजावून देण्यास फार उपयोगी पडते. तीच गोष्ट चलाची. मराठीत 'चल', हिंदीत 'चर' आणि उर्दूत 'मुतगय्यिर', म्हणजे ज्यात तगय्युर, बदल होतो ते. जे एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे, एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे जाताना बदलते ते चल. ज्याचा परिणाम पाहायचा तो स्वाश्रयी चल, ज्यावर परिणाम पाहायचा तो आश्रयी चल आणि ज्याला मध्ये लुडबूड करू द्यायची नाही तो नियंत्रित चल.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

तपासणीयोग्य विधान मांडून ते पुराव्यावर घासून पाहण्याची रीत जुनी आहे. इब्न खल्दून याने १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात इतिहासकारांच्या आकड्यांची अशीच तपासणी केली आहे. हजरत मूसा यांच्या सैन्यात सहा लाख किंवा त्याहून अधिक लढवय्ये होते, ही अल्-मसूदीने दिलेली माहिती त्याने तशीच स्वीकारली नाही. तेवढे सैन्य त्या भूमीला पोसता आले असते काय, रणात एकत्र उभे करता आले असते काय, याकूब ते मूसा या मोजक्या पिढ्यांत एवढी वाढ शक्य होती काय, असे प्रश्न त्याने विचारले. आकडा खरा असेल तर आणखी काय काय खरे असावे लागेल, हा त्याचा विचार. आजही परिकल्पनेची परीक्षा याच मार्गाने होते.

पुढे १८४३ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल याने आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या. एक गोष्ट बदलली की दुसरी त्याबरोबर बदलते काय, हे पाहण्याची पद्धत त्यांपैकी एक होय. आपल्या आजच्या सहसंबंधाच्या अभ्यासाचे मूळ तेथे आहे. १८९७ मध्ये एमिल दुर्खीम याने आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात ही पद्धत समाजाला लावली. प्रांतातील प्रोटेस्टंट आणि कॅथलिक लोकसंख्येचे प्रमाण आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण त्याने ताडून पाहिले. त्याचे आकडे प्रांतांचे होते आणि निष्कर्ष माणसांविषयीचा होता, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

'शून्य परिकल्पना' ही संज्ञा आर. ए. फिशर याने १९३५ च्या आपल्या ग्रंथात रूढ केली. चहात दूध आधी घातले की नंतर, हे चवीवरून ओळखण्याचा दावा करणाऱ्या एका बाईंचे उदाहरण त्याने घेतले. आठ कप, त्यांपैकी चारांत दूध आधी. बाईंना काहीच ओळखता येत नाही, असे आधी मानायचे. तसे असेल तर केवळ अंदाजाने सर्व आठ कप बरोबर लागण्याची शक्यता ७० मध्ये १ एवढीच. सर्व बरोबर आले तर 'काहीच ओळखता येत नाही' हे विधान सोडून द्यावे लागेल. मात्र बाई चुकल्या तर त्यांना ओळखता येत नाही असे सिद्ध झाले काय? नाही. एवढ्या पुराव्यावर ते विधान नाकारता आले नाही, इतकेच म्हणता येईल. आपल्या प्रबंधांत 'शून्य परिकल्पना सिद्ध झाली' असे सर्रास लिहिले जाते, ते या कारणाने चूक आहे.

चलाची व्याख्या : जनगणनेचा एक रकाना

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. भाषा हा चल आहे, हे कोणीही मान्य करील. पण तो मोजायचा कसा? ज्या कृतीने आपण चल मोजतो तिला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. भारतीय जनगणनेने भाषेची कार्यात्मक व्याख्या वेळोवेळी बदलली. १८८१ मध्ये मातृभाषा विचारली गेली. १८९१ मध्ये आईवडिलांची भाषा विचारली गेली. १९०१ पासून १९२१ पर्यंत नेहमी वापरात असलेली भाषा विचारली गेली. १९३१ मध्ये मातृभाषा पुन्हा आली आणि तिच्याबरोबर व्यवहारातील दुसरी भाषाही विचारली गेली. अलीकडच्या जनगणनांत, लहानपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती मातृभाषा, अशी व्याख्या आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सौंसरच्या बाजारात दुकान असलेले एक मुस्लिम गृहस्थ आहेत. त्यांच्या आजोबांपासून घरात मराठीचा वावर आहे. आई लग्न होऊन उर्दू बोलणाऱ्या घरातून आली आणि मुलाशी उर्दूत बोलली. गिऱ्हाइकाशी ते मराठीत बोलतात आणि मुले हिंदी माध्यमात शिकतात. १९०१ च्या प्रश्नाला त्यांचे उत्तर 'मराठी' येईल, आईच्या भाषेच्या प्रश्नाला 'उर्दू' येईल. माणूस तोच, जीभ तीच, उत्तर मात्र दोन. अशी घरे पुष्कळ असतील तर दोन जनगणनांमधील आकड्यांत उर्दू 'वाढलेली' आणि मराठी 'घटलेली' दिसेल. त्यावरून स्थलांतराची किंवा भाषांतराची परिकल्पना रचणारा संशोधक फसेल. आकडा बदलला की प्रथम प्रश्न बदलला होता काय, हे पाहावे.

उत्तरांचे वर्गीकरण हाही याच विषयाचा भाग आहे. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची कच्ची नावे १९,५६९ होती. त्यांची छाननी होऊन शेवटी १२१ भाषांत मांडणी झाली. आपल्या भागातील पवार समाजात बोलली जाणारी पवारी त्या मांडणीत हिंदी या शीर्षकाखाली गेली. त्याच शीर्षकाखाली 'नागपुरिया' असे एक नाव आहे. ते पाहून आपल्या नागपुरी बोलीची गणना हिंदीत झाली, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु ती छोटा नागपूरची, झारखंडकडील भाषा आहे. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात नागपुरीचा विचार मराठीच्या बोलींतच केलेला आहे. तात्पर्य, तक्त्यातील शीर्षक पाहून थांबू नये, त्याच्या पोटात काय काय घातले आहे तेही वाचावे.

कधी कधी मोजणीची क्रियाच चलाला हलवते. १९५१ मध्ये पंजाबात भाषेचा प्रश्न इतका राजकीय झाला होता की हिंदी, उर्दू, पंजाबी आणि पहाडी यांचे आकडे वेगवेगळे न देता एकत्र प्रसिद्ध करावे लागले. लोक भाषा सांगत नव्हते, बाजू सांगत होते.

मोजणीचा घटक : गाव, तहसील की जिल्हा

चलाची व्याख्या ठरली तरी एक प्रश्न उरतो. मोजणी कोणत्या घटकावर करायची? सौंसर–पांढुर्ण्याचा इतिहास या प्रश्नाचा इतिहास आहे.

ब्रिटिश काळात पांढुर्णा सौंसर तहसिलीत आणि सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्यात होती. छिंदवाड्याचा मोठा भाग सातपुड्याच्या पठारावर, तेथे हिंदी आणि गोंडी. सौंसर मात्र घाटाखाली, नागपूरच्या सपाटीला जोडलेले. कापूस, ज्वारी, पुढे संत्री, बाजार नागपूरचा आणि भाषा मराठी. १९३१ मध्ये सिवनी जिल्हा छिंदवाड्यात विलीन केला गेला. सौंसरातील मराठी बोलणाऱ्यांची संख्या त्यामुळे एकानेही कमी झाली नाही, पण ज्या जिल्ह्याशी त्यांची तुलना होणार तो मोठा झाला आणि टक्केवारी आपोआप खाली आली.

२९ डिसेंबर १९५३ रोजी नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. फजल अली हे अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे सदस्य. आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हाच घटक धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशातील बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर सौंसरही राहिले. त्याच दिवशी सिवनी पुन्हा वेगळा जिल्हा झाला.

याउलट आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेबाबत ह. वि. पाटसकर यांच्या निवाड्यात गाव हा घटक, सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही तत्त्वे धरली गेली. १९५९ च्या कायद्याने तो निवाडा अंमलात आला. बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्राने याच तत्त्वांचा आधार घेतला. एकाच देशात, एकाच दशकात, एकाच प्रकारच्या प्रश्नाला दोन घटक लावले गेले. कोणते योग्य, हा राज्यकारभाराचा वाद येथे करावयाचा नाही. घटक बदलला की निष्कर्ष बदलतो, ही संशोधनाची गोष्ट मात्र येथे उघड दिसते.

रॉबिन्सनचा इशारा

हीच गोष्ट १९५० मध्ये डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने गणिताने दाखवली. १९३० च्या अमेरिकन जनगणनेवरून त्याने परदेशात जन्म आणि निरक्षरता या दोन चलांचा सहसंबंध काढला. राज्य हा घटक धरला तेव्हा तो उणे ०.५२६ आला, म्हणजे परदेशी जन्मलेले लोक जेथे अधिक तेथे निरक्षरता कमी. व्यक्ती हा घटक धरला तेव्हा तो अधिक ०.११८ आला, म्हणजे परदेशी जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी अधिक. चिन्हच उलटले. कारण साधे होते. बाहेरून आलेले लोक बहुधा अशा राज्यांत वसले होते जेथील मूळ रहिवासी अधिक साक्षर होते.

दुर्खीमच्या प्रांतांविषयी वर केलेली सूचना येथे आठवावी. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्याच्या या दोषाला परिसरीय तर्कदोष म्हणतात. 'छिंदवाडा हिंदी जिल्हा आहे, म्हणून सौंसरच्या शाळेतील मुलाच्या घरी हिंदी बोलत असतील' हे वाक्य याच दोषाचे उदाहरण होय. ते प्रबंधात आले तर गुण जातात. शाळेच्या नियोजनात आले तर मुलाची भाषा जाते.

२०२३ : माणसे तीच, टक्केवारी निराळी

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. संशोधकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा, एका जिल्ह्यात १० लाख लोक आहेत. त्याच्या दक्षिण भागात २ लाख लोक असून तेथे ७५ टक्के मराठी भाषक आहेत, म्हणजे १,५०,०००. उरलेल्या ८ लाखांत ४ टक्के, म्हणजे ३२,०००. जिल्ह्याची एकूण मराठी संख्या १,८२,००० आणि प्रमाण १८.२ टक्के. आता दक्षिण भाग वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात प्रमाण ७५ टक्के, जुन्यात ४ टक्के. कोणी गाव सोडले नाही, कोणी भाषा बदलली नाही.

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी १९५६ मध्ये भारत सरकारने जे निवेदन काढले, त्यात राज्यात अल्पसंख्य असलेला भाषागट एखाद्या जिल्ह्यात ७० टक्के किंवा अधिक असेल तर त्या जिल्ह्यात त्याच्या भाषेला शासकीय व्यवहारात स्थान द्यावे, असे तत्त्व आहे. जिल्हा, तहसील किंवा नगरपालिका क्षेत्रात १५ ते २० टक्के असेल तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असेही आहे. आपल्या कल्पित हिशेबात विभाजनापूर्वी जिल्हा ७० च्या खाली पण १५ च्या वर होता. विभाजनानंतर दक्षिणेकडील लोक ७० च्या वर गेले, आणि मागे राहिलेले ३२,००० लोक १५ च्या खाली घसरले. एका रेषेने काहींना मिळाले, काहींचे गेले. जे मागे राहिले त्यांचा विचार करण्याची सवय आपल्याला असावी, कारण कोणत्याही विभागणीत उर्दू किंवा मराठी बोलणारे काही ना काही लोक मागे राहतातच.

शाळेबाबत मात्र घटक वेगळा आहे. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवलेल्या सूत्रानुसार प्राथमिक शाळेत एखादी भाषा बोलणारी ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्या भाषेच्या शिक्षकाची सोय करावी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्यावर सोपवतो. येथे जिल्ह्याची टक्केवारी विचारलेली नाही, मुले मोजायची आहेत. म्हणूनच शाळेच्या प्रवेश नोंदवहीतील मातृभाषेचा रकाना हा कारकुनी सोपस्कार नसून तो संशोधनाचा चल आहे. तो न विचारता भरला जात असेल तर चाळीस मुले असूनही कागदावर एकही नसेल.

शिक्षकांसाठी एक नमुना

वरील विवेचनाच्या आधारे विद्यार्थ्याला परिकल्पना कशी लिहावयास सांगावी? 'पांढुर्णा जिल्ह्यात मराठीची स्थिती चिंताजनक आहे' ही परिकल्पना नव्हे, ती भावना आहे. 'मराठी आणि हिंदी माध्यमात फरक आढळत नाही' हीही अपुरी, कारण फरक कशात, ते तीत नाही. पुढील विधान पाहावे : 'सौंसर आणि पांढुर्णा तहसिलींतील शासकीय शाळांत इयत्ता पाचवीत शिकणाऱ्या आणि आई घरी मराठी बोलते अशा विद्यार्थ्यांपैकी, ज्यांना शाळेत मराठी विषय आहे आणि ज्यांना नाही, त्यांच्या मराठी वाचनाच्या गुणांत फरक नाही.'

येथे शाळेत मराठी विषय असणे हा स्वाश्रयी चल, वाचनाचे गुण हा आश्रयी चल, आईची भाषा आणि इयत्ता हे नियंत्रित चल. घटक विद्यार्थी आहे, शाळा किंवा तहसील नाही. आईचे शिक्षण आणि नागपूरकडील नात्यागोत्याचे येणेजाणे हे चल मध्ये येऊ शकतात, म्हणून त्यांचीही नोंद घ्यावी. असे विधान खोटे ठरू शकते, आणि ते खोटे ठरू शकते हेच त्याचे बळ आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीच्या उगमाची कथा आपण आवडीने ऐकतो. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांची ती कथा कोणत्या पुराव्याने खोटी ठरेल, हे सांगता येत नाही. म्हणून ती लोककथा म्हणून अभ्यासावी, परिकल्पना म्हणून नव्हे.

समारोप

पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. पांढुर्णा जिल्ह्याची, जिल्हा म्हणून, ती पहिलीच जनगणना होय. तिच्या आकड्यांची २०११ च्या छिंदवाड्याच्या आकड्यांशी सरळ तुलना करण्याचा मोह होईल. ती तुलना करण्यापूर्वी २०११ चे तहसीलवार, गाववार आकडे नव्या सीमेनुसार जुळवून घ्यावे लागतील. तसे न करता 'मराठी वाढली' किंवा 'मराठी घटली' असे जो कोणी लिहील, तो लोकांची नव्हे, नकाशाची गोष्ट सांगत असेल.

आपल्या विद्यार्थ्याने परिकल्पना लिहून आणली की तीन प्रश्न विचारावेत. चल कोणता आणि तो कोणत्या प्रश्नाने मोजणार? घटक कोणता? आणि कोणता पुरावा मिळाल्यास तू हे विधान मागे घेशील? या तिन्हींची उत्तरे त्याला स्वतःच्या शब्दांत देता आली, मग ते शब्द मराठी असोत, हिंदी असोत की उर्दू, तर परिकल्पना त्याला समजली असे मानावे. ती उत्तरे मिळेपर्यंत प्रबंधावर सही करण्याची घाई करू नये.